माप कोटावरून

फुलपाखरू नको, म्हणाली मार्नी,
फुलपाखरू सगळ्याच होतात.
मला पतंग व्हायचंय. तपकिरी.
आपल्या दाराच्या बल्बवर येऊन आपटतो ना, तो.

बरं, म्हटलं. तपकिरी स्वस्त असतं.

पाकिटात अकरा डॉलर चाळीस सेंट,
हीटरचं बिल फ्रिजवर, चुंबकाखाली.
मी त्याच्याकडे पाठ करून बसले.
चर्चच्या तळघरात, जुन्या कपड्यांच्या ढिगात
चार डॉलरला एक पडदा मिळाला,
कुणाच्या तरी जेवणघरातला,
एका कडेनं उन्हानं विटलेला,
बाकीच्या अंगाला कांद्याच्या सूपचा वास.
अंथरूण पाहून पाय पसरावेत;
मी पडदा पाहून पंख बेतले.

मशीन वरच्या मजल्यावरच्या नीमेलाबाईंचं.
दोघींनी धरून जिन्यातून उतरवलं,
त्या ब्याऐंशीच्या, आणि धापा मला.
"पुढे झकास जातं," त्या म्हणाल्या, "मागे जात नाही.
तो खटका एकोणनव्वदमध्येच मोडला."
म्हणजे टीप संपली की तिथे पक्की होत नाही,
प्रत्येक टोकाला हातानं गाठ मारायची.
मारल्या. एकसष्टनंतर मोजणं सोडलं.

माप घ्यायला तिला स्टुलावर उभी केली.
म्हटलं, आधी कोट घाल.
कोट?
हो, तो फुगीर निळा. टोपीही. मफलरही.
डुलुथमध्ये एकतीस ऑक्टोबर म्हणजे काय
हे मला कुणी शिकवायला नको:
लहानपणी लागोपाठ तीन वर्षं मी राणी झाले
आणि तिन्ही वर्षं राणी कोटाच्या आत होती.
छाती चौतीस इंच, सात वर्षांच्या मुलीची.
वहीत लिहिताना दोनदा खात्री केली.

पंखांवर डोळे हवेत, ती म्हणाली,
पक्ष्यांना फसवायला.
कपाटाच्या तळाशी क्लेटनची कॉर्डुरॉय पँट होती,
न्यायची राहिलेली, किंवा ठेवून दिलेली.
कॉफीच्या डब्याचं झाकण टेकवून गोल आखले,
गुडघ्यांचे दोन, मागचे दोन.
कातर चालवताना वाटलं, आता काहीतरी वाटेल.
कापड जाड होतं, एवढंच वाटलं.
खिशात एक धुतली गेलेली पावती निघाली,
वाचता येत नव्हती.

शेवटच्या रात्री सुई मोडली.
दुसरी नव्हती. डावा पंख हातानंच, धावदोऱ्यानं,
आणि पहाटे पाचला हॉस्पिटलच्या लाँड्रीत
चारशे चादरी, ज्यांना कुणी पंख म्हणणार नाही.

संध्याकाळी सरोवरावरून वारा,
साडेपाचला बर्फ.
रस्त्यावर कोटच कोट,
एखाद्यातून डोकावणारी तलवार,
एखाद्याखालून लोंबणारं हिरवं शेपूट.
आणि त्यांच्यातून आमचा पतंग,
कोटावरून, टोपीवरून, अख्खा.

पहिल्या दारात: "वा! वटवाघूळ!"
"पतंग," मार्नी म्हणाली.
दुसऱ्या दारात: "अगं बाई, वटवाघूळ!"
"पतंग."
चौथ्या दारातला म्हातारा चष्मा सरकवून म्हणाला, "घुबड?"
त्याला तिनं पंख उघडून दाखवले, डोळे समजावले,
मागे मुलांची रांग लागली.
नवव्या दारात पुन्हा वटवाघूळ निघालं
आणि दोन चॉकलेटं पुढे आली.
तिनं माझ्याकडे पाहिलं.
"हो," म्हणाली. "वटवाघूळ."

परतताना डावा पंख कोपऱ्याशी उसवला होता,
हँगरच्या तारेची एक मिशी कुठेतरी पडली होती.
मी किल्ली शोधत होते, हात गारठलेले.
मार्नीनं पिशवी खाली ठेवली,
बल्बखाली गेली
आणि दारावर डोकं आपटलं, हळूच.
मग पुन्हा.
मग पुन्हा.

वरची खिडकी उघडली.
"अगं, दार उघडा कुणीतरी," नीमेलाबाई ओरडल्या,
"पतंग आलाय."